एकमताने मंजूर

सार्वजनिक संस्थांच्या इतिवृत्तांत सर्वाधिक वेळा येणारे वाक्य कोणते, असा हिशेब कोणी केला तर 'ठराव एकमताने मंजूर झाला' या वाक्याचा क्रमांक बहुधा पहिला लागेल. ग्रामपंचायत असो, विविध कार्यकारी सोसायटी असो, साखर कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा असो की एखाद्या पक्षाची जिल्हा समिती असो, या वाक्याशिवाय कामकाज पूर्ण झाल्याचे समाधान कोणाला लाभत नाही. एकमत हे ऐक्याचे, ऐक्य हे बळाचे आणि बळ हे यशाचे लक्षण मानण्याची सवय इतकी अंगवळणी पडली आहे की, हे एकमत झाले तरी कसे, असे विचारणेच अशिष्ट ठरते. वस्तुतः लोकशाही संघटनेत विचारण्याजोगा पहिला प्रश्न तोच आहे.

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गोरोबाकाकांचे गाव. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून पाहिले आणि कोणते मडके पक्के, कोणते कच्चे याची परीक्षा केली, ही आख्यायिका मराठी घरात लहानपणीच कानावर पडते. सगळे निमूट बसले. एकट्या नामदेवांनी हरकत घेतली आणि मडके कच्चे ठरले ते नामदेवांचे. भक्तिमार्गात या कथेचा रोख अहंकाराच्या विलयाकडे आहे आणि तेथे तो यथायोग्यच आहे. पण गुरुगृहाचा न्याय सभागृहाला लावला की अनर्थ ओढवतो. ज्याने मुकाट्याने ठोके सोसले तो पक्का कार्यकर्ता आणि 'हा ठोका कशासाठी?' असे ज्याने विचारले तो कच्चा, हे मूल्यमापन महाराष्ट्रातील बहुतेक संघटनांत आजही चालते. त्यासाठी लेखी नियम कोणी केलेला नाही, आणि म्हणूनच तो मोडणे कठीण जाते.

या प्रवृत्तीला शास्त्रीय चर्चेत 'गटविचार' असे नाव आहे. येल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ आयर्विंग जॅनिस यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या कल्पनेची मांडणी केली. त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता की, एकेकटी घेतली तर बुद्धिमान आणि अनुभवी असलेली माणसे एकत्र बसली की इतके निर्बुद्ध निर्णय कसे घेतात? एप्रिल १९६१ मध्ये केनेडी सरकारने क्यूबातील सुमारे १४०० निर्वासितांना शस्त्रे देऊन त्यांच्याच देशाच्या किनाऱ्यावर उतरवले आणि तीन दिवसांत त्या मोहिमेचा धुव्वा उडाला. केनेडींच्या भोवतालची माणसे अमेरिकेतील उत्तम विद्यापीठांतून निवडलेली होती. आर्थर श्लेसिंजर या इतिहासकाराने आपला विरोध टिपणातून कळवला होता. बैठकीत मात्र तो गप्प बसला. अध्यक्षांचे मन आता ठरले आहे, तेव्हा आणखी ताणू नका, असे त्याला अध्यक्षांच्या भावानेच सुचवले होते. जॅनिस यांच्या मते असे 'मनाचे राखणदार' प्रत्येक जुळलेल्या गटात आपोआप निर्माण होतात. नेत्याच्या शरीराचे रक्षण करणारे वेगळे. हे लोक त्याचे रक्षण करतात ते अप्रिय माहितीपासून.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. दहशतीने गप्प बसणे म्हणजे गटविचार नव्हे. पोलीसपाटलाच्या किंवा सावकाराच्या भीतीने तोंड न उघडणाऱ्या माणसाला आपले मत काय आहे हे ठाऊक असते. गटविचारात कोणी कोणाला धमकावत नाही. उलट परस्परांविषयी आदर असतो, उद्दिष्टाविषयी निष्ठा असते, एकत्र सोसलेल्या दिवसांच्या आठवणी असतात. माणूस आपल्या शंकेवर स्वतःच पहारा बसवतो, आणि समोरचे सारे गप्प आहेत म्हणजे त्यांना शंका नाही, असे धरून चालतो. समोरचेही त्याच्या मौनाचा तोच अर्थ लावत असतात. त्यामुळे हा रोग भाडोत्री टोळ्यांपेक्षा ध्येयवादी मंडळींना अधिक जडतो. हे निदान ध्येयवाद्यांना रुचणारे नाही.

जॅनिस यांच्या सिद्धान्तावर पुढे पुष्कळ टीका झाली हे नमूद केले पाहिजे. निर्णय फसल्यानंतर मागे वळून कारणे शोधली की सर्वत्र गटविचारच दिसू लागतो. शिवाय एकजीव गट नेहमीच चुकतो असे प्रयोगांतून सिद्ध झालेले नाही. हे आक्षेप रास्त आहेत. तरीही हाती पडलेले भिंग वापरून आपल्याच मुलखातील एक उदाहरण तपासून पाहण्यासारखे आहे, कारण त्यात गेलेले जीव ८ हजारांच्या आसपास आहेत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन आटोपून माणसे घरात निजली होती. किल्लारीचे नाव जगभर गेले, पण तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील आणि आज लोहारा तालुक्यात असलेल्या सास्तूर, होळी, राजेगाव या गावांचा संहारही तितकाच भीषण होता. रिश्टर मापनावर ६.४ हा धक्का जगाच्या हिशेबात प्रचंड नव्हे. एवढ्या धक्क्याने एवढी माणसे का मेली, या प्रश्नाचे उत्तर जमिनीखाली जितके आहे तितकेच जमिनीवर घेतल्या गेलेल्या निर्णयांतही आहे.

दख्खनचे पठार हा पृथ्वीच्या कवचाचा प्राचीन व स्थिर भाग आहे, येथे मोठा भूकंप होत नाही, ही त्या काळची सर्वमान्य धारणा होती. देशाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात दाखवलेला होता. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरला सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप याच पठाराच्या पश्चिम कडेला झाला होता. त्याने धारणा हलायला हवी होती. पण कोयनेला धरण आहे, त्याच्या जलाशयाच्या भाराचा तो परिणाम, असे म्हणून त्या घटनेला अपवादाच्या कप्प्यात ठेवून देण्यात आले. ते कारण कोयनेपुरते खरेही असू शकेल. परंतु अपवादाचे स्पष्टीकरण मिळाले की नियमाची फेरतपासणी करण्याची गरज संपली, असे मानणे ही गटविचाराची ठळक खूण आहे. ऑगस्ट १९९२ पासून किल्लारी परिसरात हादऱ्यांची मालिका सुरू झाली. १८ ऑक्टोबर १९९२ चा हादरा त्यांत मोठा होता. म्हणजे मुख्य धक्क्याच्या जवळजवळ वर्षभर आधी जमीन आपले म्हणणे मांडू लागली होती. भूकंपाचे भाकीत करता येत नाही हे खरे आहे आणि त्यासाठी कोणा शास्त्रज्ञाला दोष देणे अन्यायाचे होईल. मात्र घरांच्या भिंती तपासणे, छपराचे ओझे कमी करणे, सास्तूर-किल्लारीच्या टापूत निदान शाळा आणि दवाखाने सुरक्षित करणे यासाठी भाकिताची जरुरी नव्हती. 'येथे मोठे काही होत नाही' या सर्वमान्य वाक्याने ती सारी चर्चा सुरू होण्यापूर्वीच आटोपली. २००२ साली नकाशा बदलला. पहिला विभाग रद्द झाला आणि लातूर-उस्मानाबादचा हा पट्टा तिसऱ्या विभागात गेला. नऊ वर्षे आणि हजारो चिता यानंतर नकाशाने जमिनीशी जुळवून घेतले.

याहून बोधप्रद प्रकरण भूकंपानंतरचे आहे. एक एकमत कोसळले आणि त्याच्या ढिगाऱ्यावर दुसरे उभे राहिले. 'दगडी घर मारते' हे ते नवे एकमत. पाहणाऱ्याला ते उघड सत्य वाटत होते. माणसे दगडाखाली मेली होती, दगड सर्वत्र पडला होता. अभियंत्यांनी बारकाईने पाहिले तेव्हा निराळे चित्र दिसले. मराठवाड्यातील जुन्या घराच्या भिंती दोन-तीन फूट जाडीच्या, पण आतली आणि बाहेरची अशा दोन थरांच्या. मध्ये चिखल-दगडगोट्यांची भर. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड घातलेलेच नव्हते. वरच्या माळवदावर दर पावसाळ्यापूर्वी मातीचा नवा थर पडत गेलेला. असे पिढ्यानपिढ्यांचे ओझे एकमेकांपासून सुटलेल्या भिंतींवर बसले होते. उलट ज्या घरांत खणाची लाकडी चौकट शाबूत होती तेथे भिंती पडूनही माळवद खांबांवर तोलून राहिल्याची उदाहरणे आढळली. दोष दगडाचा नव्हता, दगड रचण्याच्या रीतीचा होता. ती सुधारता येण्याजोगी होती आणि खर्चही माफक होता. पण ज्या घरात चार प्रेते निघाली त्या घराच्या उंबऱ्यावर उभे राहून 'दगडाचा दोष नाही' असे म्हणण्याचे धैर्य कोण करणार? म्हणणारा निर्दय ठरला असता. शोकाने बांधलेल्या एकमताला शिस्तीने बांधलेल्या एकमतापेक्षाही आव्हान देणे अवघड असते.

राज्य शासनाने जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा कार्यक्रम हाती घेतला. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे जुन्या जागेवरून हलवण्याचे ठरले. गावोगाव बैठका झाल्या, लोकांचे मत घेतले गेले, हे त्या काळाच्या मानाने कौतुकास्पदच होते. पण मत कोणत्या अवस्थेत घेतले गेले? जमीन अजून थरथरत होती, छावणीत पत्र्याखाली संसार मांडलेले होते आणि शेजारच्या गावाने 'आम्ही हलणार' असे ठरवले होते. ज्यांचे नुकसान कमी होते त्या गावांनीही स्थलांतराची मागणी लावून धरली. नव्या गावांचा आराखडा नगररचनेच्या चौकटीतून आला. रुंद, सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते आणि एकमेकांपासून सुटी घरे. जुन्या गावाच्या कैकपट पसरलेल्या या वसाहतींत ओसरी, वाडा, गल्ली, बायकांची दळणकांडणाची व गप्पांची आडोशाची जागा यांतले फारसे काही उरले नाही. मोकळे रस्ते भूकंपात उपयोगी असतात, हे अभियंत्याचे म्हणणे बरोबर होते. एवढ्या रस्त्यांची झाडलोट, दिवाबत्ती आणि दुरुस्ती ग्रामपंचायत कोणत्या उत्पन्नातून करणार, हा अर्थशास्त्राचा साधा प्रश्न मात्र आराखड्यावर मात करू शकला नाही.

समाजवादी वाचकाने विशेष लक्ष द्यावी अशी एक बाब येथे आहे. नव्या घराचा आकार कुटुंबाच्या जमिनीवरून ठरवण्यात आला. भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टरवाल्यांना ४०० आणि त्याहून अधिक जमीन असलेल्यांना ७५०. सात माणसांच्या शेतमजूर कुटुंबाला २५० आणि तीन माणसांच्या बागायतदाराला ७५०! भूकंपाने एका पहाटे सर्वांना एकाच मातीत मिळवले होते. शासनाच्या तक्त्याने त्यांना सातबाऱ्याच्या क्रमाने पुन्हा उभे केले. या तक्त्याच्या समर्थनार्थ 'शेतकऱ्याला बी-बियाणे, अवजारे ठेवायला जागा लागते' असा युक्तिवाद होता आणि तो पोकळ नव्हता. परंतु घर हे माणसांसाठी की अवजारांसाठी, हा प्रश्न निर्णयाच्या केंद्रस्थानी आला नाही. सर्वांना वाजवी वाटणाऱ्या निकषाच्या पोटात कोणाचे हितसंबंध दडले आहेत हे गटातील कोणालाच दिसत नाही, कारण तो निकष ठरवणाऱ्या टेबलाशी २५० चौरस फूटवाला बसलेला नसतो.

याच कार्यक्रमाचा दुसरा भाग मात्र वेगळे सांगतो. जी गावे हलवायची नव्हती तेथील सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करायचे होते. भिंतीत आरपार दगड बसवणे, कोपरे सांधणे, माळवदाची माती कमी करणे अशी ती कामे. लोकांचा दगडावरचा विश्वास उडालेला. मिळालेल्या मदतीतून विटा-सिमेंटची एक नवी खोली काढावी आणि जुने घर तसेच सोडावे, याकडे कल होता. या टप्प्यावर स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आले. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजाराहून अधिक गावांत या स्त्रिया घरोघर फिरल्या. आपले घर का पडले, पडू नये म्हणून काय करता येते, अभियंता सांगतो ते खरे की खोटे, सिमेंटला पाणी किती दिवस मारायचे, हे प्रश्न त्यांनी विचारले आणि विचारायला शिकवले. आजवर ग्रामसभेत पदर सावरून मागे बसणाऱ्या या बायकांना कोणत्याच एकमतात वाटा नव्हता, आणि तीच त्यांची ताकद ठरली. गटाबाहेरचा माणूस निर्णयाच्या जागी येऊन बसला की गटाच्या गृहीतांना धक्का बसतो, याचे धाराशिव जिल्ह्याइतके चांगले उदाहरण अमेरिकन ग्रंथांत शोधण्याची गरज नाही.

भूकंप ही असाधारण घटना झाली. रोजच्या व्यवहारातील गटविचार पाहायचा तर सहकारी संस्थांच्या सभेत जावे. विषयपत्रिकेतील विषय वाचला जातो, तो वाचून पुरा होण्याआधी मागच्या रांगांतून 'मंजूर, मंजूर' असा घोष होतो आणि कोट्यवधींचा ताळेबंद निमिषात पार पडतो. प्रश्न विचारायला उठलेल्या सभासदाच्या हातातला ध्वनिक्षेपक बंद पडणे हाही आता विनोदाचा विषय राहिलेला नाही. २००२ साली होम ट्रेड या दलाल कंपनीमार्फत सरकारी रोखे घेण्यासाठी नागपूर, वर्धा व उस्मानाबाद या जिल्हा सहकारी बँकांनी पैसे मोजले आणि रोखे आलेच नाहीत. त्यात कोणाचा अपराध किती, हे न्यायालयाने पाहायचे. येथे प्रश्न निराळा आहे. रोखे हाती येण्याआधी पैसे का सोडायचे, हे भुसार दुकानदारही विचारतो. तो प्रश्न बँकेच्या संचालक मंडळात वेळीच आणि ठामपणे विचारला गेला असता तर ठेवीदारांवर ती वेळ आली नसती. महाराष्ट्राच्या सहकार कायद्याने समितीच्या निर्णयांबद्दल सर्व सदस्यांना संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या जबाबदार धरले आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी मौन हीसुद्धा सहीच आहे. ढोकीचा तेरणा आणि नळदुर्गचा तुळजाभवानी हे सभासदांच्या मालकीचे कारखाने वर्षानुवर्षे बंद राहिले आणि अखेर दुसऱ्यांकडे चालवायला द्यावे लागले, त्या दोहोंच्या जुन्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते कोणी अभ्यासकाने वाचून काढली तर सहकाराच्या इतिहासाला मोलाची सामग्री मिळेल.

असे का घडते? गटातील माणसे मूर्ख किंवा भित्री असतात म्हणून नव्हे. विरोधी मताचे अर्थशास्त्र तसे आहे. सभेत उभे राहून प्रश्न विचारण्याची किंमत प्रश्नकर्त्याला एकट्याला मोजावी लागते. संबंध बिघडतात, पुढच्या वेळी पीककर्जाला अडचण येते, उसाची तोड लांबते, मुलीच्या लग्नात चार माणसे कमी येतात. प्रश्नाचा लाभ मात्र सर्व सभासदांना सारखा मिळतो. गप्प बसलेल्यांना तर फुकट मिळतो. ज्या वस्तूचा खर्च एकाचा आणि लाभ सर्वांचा, ती वस्तू बाजारात पुरेशी निर्माण होत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. स्वतंत्र मत ही अशीच वस्तू आहे. म्हणून 'कार्यकर्त्यांनी निर्भय व्हावे' या उपदेशाने काही साधत नाही. किंमत कमी करण्याची व्यवस्था संस्थेनेच करावी लागते.

या दृष्टीने जिल्ह्यातील उसाचा प्रश्न पाहावा. धाराशिव हा पर्जन्यछायेतील जिल्हा. पाऊस दगा देतो, तेरणा-मांजरा कोरड्या पडतात. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटल्यावर शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ सालीच तुटीच्या उपखोऱ्यांत उसासारख्या पिकाला आवर घालण्याची शिफारस केली होती. त्यानंतरही दर चांगल्या पावसानंतर ऊस वाढतो आणि दर दुष्काळात त्याच घरातली बाई टँकरपुढे घागर घेऊन उभी राहते. एकेका शेतकऱ्याचे गणित चुकलेले नाही. उसाला ठरलेला दर आहे, ठरलेले गिऱ्हाईक आहे. तूर, ज्वारी, सोयाबीनला यांपैकी काहीच खात्रीचे नाही. चुकते ते बेरजेत. आणि बेरजेविषयी बोलायचे तर ते ज्या व्यासपीठावर बोलायचे तेथे सारे उसवाले, कारखाना हवा असलेले आणि त्यांच्या मतांवर निवडून येणारे. त्यात डावे आले, उजवे आले, शेतकरी संघटनावालेही आले. उसाला दर वाढवून मागण्याचा ठराव कोणत्याही पक्षाच्या मेळाव्यात एकमताने होतो. एकाच धरणातून पिण्याचे, भुसार पिकांचे आणि उसाचे पाणी कोणत्या क्रमाने सोडायचे, याचा ठराव मांडायला उठणारा कार्यकर्ता मात्र 'शेतकरीविरोधी' ठरतो. या ठरावाला विरोध होईल, हरकत नाही. तो मांडलाच जात नाही, हे खरे दुखणे आहे. कोरडवाहू शेतकरी आणि शेतमजूर यांची संख्या जिल्ह्यात किती आहे हे ज्या पक्षाला ठाऊक आहे, त्याने तरी हा विषय विषयपत्रिकेवर घ्यायला हवा.

राजकारणातील दाखले द्यायचे तर त्यांना तोटा नाही. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक बोलावण्यात आली ती दुसऱ्या दिवशी पहाटे ६ वाजता, म्हणजे निर्णय झाल्यानंतर. देशातील अटकसत्र तोवर सुरू झाले होते. त्या बैठकीत स्वर्णसिंगांनी एखादा प्रश्न विचारला, एवढाच काय तो भिन्न सूर. स्वातंत्र्याच्या लढ्यातून आलेली माणसे त्या टेबलाभोवती होती. तेथे भीती होती की निष्ठा होती, याचा निवाडा कठीण आहे. दोन्ही एकमेकींत मिसळल्या की माणसाला स्वतःलाही त्या वेगळ्या करता येत नाहीत. जनता राजवटीने १९७८ साली ४४ वी घटनादुरुस्ती करून असे बंधन घातले की, मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी पुकारता कामा नये. आधी चर्चा, मग सही, एवढा साधा क्रम घटनेत लिहून ठेवावा लागला.

त्याच १९७८ साली २७ जुलैला महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव एकमताने केला. ठराव न्याय्यच होता. पण सभागृहात ज्यांनी हात वर केले त्यांपैकी कितीजणांनी आपल्या गावाशी त्याविषयी आधी बोलणे केले होते? मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या तेव्हा ते एकमत कोठे गेले हे कोणाला कळले नाही, आणि नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. उलट बाजूलाही एकमतच होते. मराठवाड्याच्या अस्मितेच्या नावाने एकवटलेल्या सवर्ण समाजात वेगळा सूर काढणे महाग पडत होते; मुक्तिसंग्रामातले वडीलधारे गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे नेतेही नामांतराच्या विरोधात उभे राहिले. अशा वेळी एस. एम. जोशी यांनी आपल्याच स्नेह्यांचा रोष पत्करून नामांतराची बाजू घेतली. शत्रूशी भांडायला धैर्य लागते. स्नेह्यांशी भांडायला लागणारे धैर्य दुर्मीळ असते.

मग करावे काय? केनेडींचेच पुढचे उदाहरण येथे कामी येते. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबात रशियन क्षेपणास्त्रे आढळली तेव्हा सल्लागार बहुतांशी तेच होते. पण रीत बदलली. अध्यक्ष काही बैठकांना मुद्दाम गैरहजर राहिले, म्हणजे त्यांचा कल पाहून कोणी बोलू नये. मंडळींचे दोन गट करून त्यांना निरनिराळ्या योजना लिहायला व एकमेकांच्या योजना खोडायला लावल्या. बाहेरचे तज्ज्ञ बोलावले. पहिल्या दिवशी बहुतेकांना हवाई हल्ला हवा होता; आठवडाअखेरीस नाकेबंदीचा मार्ग निघाला आणि अणुयुद्ध टळले. माणसे तीच, रीत वेगळी. सॉलोमन ॲश यांचे १९५१ च्या सुमाराचे प्रयोगही दिलासा देतात. समोरच्या रेषांपैकी कोणती सारखी आहे, एवढे साधे दिसत असतानाही इतर सर्वजण चुकीचे उत्तर देत आहेत असे पाहून अनेकांनी आपल्या डोळ्यांना खोटे ठरवले. पण त्या गर्दीत एक जरी सोबती खरे बोलणारा निघाला, तर मुकाट्याने होकार देण्याचे प्रमाण एकदम खाली आले. बहुमत मिळवण्याची गरज नसते. दुसरा एक आवाज पुरतो. केवळ उपचार म्हणून एखाद्याला 'विरोधकाची भूमिका वठव' असे सांगून मात्र हा परिणाम साधत नाही, असे पुढील संशोधन सांगते. खरोखर वेगळे मत असलेला माणूसच लागतो, आणि तो संघटनेत टिकला तरच बैठकीत सापडेल.

पक्षशिस्त आणि मतस्वातंत्र्य यांचा मेळ कसा घालायचा, असा आक्षेप येथे घेतला जाईल. निर्णय झाल्यावर तो सर्वांनी राबवावा, याविषयी दुमत नाही. पण शिस्त निर्णयानंतर सुरू होते. निर्णयाआधी तिचे काम नाही. बहुतेक समित्यांत नेमका उलटा प्रकार दिसतो. बैठकीत शिस्त आणि बैठकीनंतर चहाच्या टपरीवर मतस्वातंत्र्य! तालुका समितीच्या अध्यक्षाने आपले मत सर्वात शेवटी सांगावे, इतिवृत्तात विरोधी मत कारणासह लिहिले जावे आणि ते लिहिणाऱ्याला पुढच्या वर्षीही समितीवर घ्यावे, या गोष्टींना पैसा लागत नाही. महत्त्वाचा ठराव पहिल्या बैठकीत केवळ चर्चेला ठेवून दुसऱ्या बैठकीत मताला टाकला, तर मधल्या पंधरा दिवसांत ज्यांच्यावर त्याचा परिणाम व्हायचा त्यांच्या घरी जाऊन येता येते. कोरडवाहूवाल्याच्या, पारधी वस्तीवरच्या, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबात मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी. समिती ज्यांच्या नावाने ठराव करते त्यांपैकी किती जण समितीत आहेत, हा आकडा इतिवृत्ताच्या शिरोभागी लिहिला तरी पुष्कळ डोळे उघडतील.

गावपातळीवर तर कायद्यानेच वाट करून दिली आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी, अशी तरतूद महाराष्ट्रात आहे. अनेक गावांत ती वहीपुरती होते. शिपाई वही घेऊन घरोघर जातो, सह्या-अंगठे घेतो आणि सभा 'संपन्न' होते. भूकंपानंतर भिंतीतला दगड आडवा की आरपार, हे गवंड्याला विचारणाऱ्या बायका ज्या गावांत होत्या, त्यांच्या सुना आज त्या वहीवर सही करतात. येत्या ग्रामसभेपूर्वी कार्यकर्त्यांनी आपापल्या गावची ती वही मागून पाहावी, आणि महिलांची सभा खरोखर भरली तर पाणीवाटपाचा विषय आधी तेथे ठेवावा.